दोन डोळ्यांचा फोटो

ज्या सभेला मी गेलेच नव्हते, त्या सभेच्या फोटोत मी सुंदररावांच्या मागं गप उभी आहे. बाकी सगळं एक वेळ सोडा, पण गप? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी नवऱ्याच्याही मागं कधी तशी गप उभी राहिलेली नाही. फोटो बघितल्यावर मला पहिला राग आला तो याचाच.

फोटोची बातमी घरी आणली आमच्या ह्यांनी. आश्रुबा म्हणजे शांत माणूस, पण त्या दिवशी दारातूनच तोंड वाकडं करून आले. टोपी खुंटीला न लावता हातातच धरून मला म्हणाले, "तू सभेला कवा गेलतीस? मला न इचारता?"

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. बहात्तरचा दुष्काळ होता, खडीच्या कामावर उन्हात दगड फोडून चांगल्या चांगल्यांची डोकी फिरत होती. मी पाणी दिलं आणि कोणती सभा म्हणून विचारलं. तर म्हणे सोसायटीच्या हापिसात भिंतीला फोटो लावलाय, त्यात तू आहेस, छबुबाई आहे, मंजुळाबाई आहे, गावातल्या निम्म्या बायका आहेत. आधी मी पोट धरून हसले. मग ह्यांनी सांगितलं, त्या सभेत ठराव झालाय की तलावातल्या विहिरीचं पाणी आता सुंदररावांच्या उसाला जाणार. माझं हसू तिथंच थांबलं.

सोसायटी म्हणजे आमची पाणी सोसायटी. सिरसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाशेजारी तलाव, तलावाच्या पोटात सोसायटीची विहीर. विहिरीवर इंजिन, इंजिनाला पाइप, आणि पाइपाला पुढं दोन फाटे. एक फाटा जनावरांच्या हौदाकडं आणि मक्याच्या तुकड्याकडं, दुसरा सुंदररावांच्या मळ्याकडं. सोसायटी स्थापन झाली तेव्हाच नियम ठरला होता, की पाऊस दगा देईल त्या वर्षी आधी माणसं, मग जनावरं, मग चारा, आणि ऊस सगळ्यांत शेवटी. त्या वर्षी तलावाला भेगा पडल्या, गावातले आड कोरडे ठण्ण झाले, फक्त या एका विहिरीला तळाशी झरा होता. त्या झऱ्यावर गावची जनावरं उभी होती. तो गेला असता तर गोठे रिकामे झाले असते, दुसरं काही नाही.

आता बायका सभासद कशा झाल्या तेही सांगते, कारण सगळी गंमत तिथंच आहे. सरकार जमिनी काढून घेणार अशी सिलिंगची आवई उठली होती. मग आमच्या गावच्या शहाण्या पुरुषांनी जमिनी बायकांच्या नावावर केल्या. जमिनीबरोबर सोसायटीचे शेअरही आले. कागदावर आम्ही मालकिणी आणि घरात भाकरी थापायला आम्हीच. पुरुष ही गोष्ट सोयीनं विसरून गेले. सुंदरराव मात्र विसरले नव्हते. ते चेअरमन. ठराव मंजूर करायला सभेला पुरेसे सभासद हवेत आणि निम्मे सभासद लुगड्यातले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलावलं तर बायका येतील आणि आल्या तर बोलतील, हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आम्हाला न बोलावताच आणलं. सभेचा दिवस तेवढा चलाखीनं बाजारचा धरला. त्या दिवशी खडीचं काम बंद, कोण कुठं होतं याचा पुरावा कुणाकडंच नाही.

तळे राखी तो पाणी चाखी, हे आम्हीही मान्य करतो. चाखा, बाबा. पण तळंच उचलून घरी नेता?

दुसऱ्या दिवशी छबुबाईला घेऊन मी सोसायटीच्या हापिसात गेले. छबुबाई माझी शेजारीण. तिची जीभ अशी की कोयता बरा. फोटो चांगला ताटाएवढा मोठा करून लावला होता. हापिसाची पांढरी भिंत, भिंतीपुढं दोन ओळी. पुढं खुर्च्यांवर सुंदरराव आणि पंच, मागं आम्ही उभ्या, दोन्ही टोकांना दोन-चार पुरुष. मी माझं लुगडं ओळखलं. विहिरीच्या इंजिनाचं उद्घाटन झालं तेव्हा मी हेच नेसले होते, आणि पाहुण्यांना ओवाळायला आम्ही सगळ्या ताटं घेऊन रांगेत उभ्या होतो. फोटोत माझे हात पुढं आलेले दिसत होते आणि पुढचं ताट सुंदररावांच्या खांद्याआड गेलं होतं. म्हणजे बघा, मी त्यांच्या पाठीला ओवाळत होते.

मी हे तिथल्या तिथं बोलून दाखवलं. सुंदरराव नात्यानं माझे दीर लागतात, भावकीतलेच. ते हसले आणि म्हणाले, लुगडं तर तेच तेच नेसतात बायका, आणि हात कुणी कुठंही धरतं. लोकांची अंगठ्याची निशाणी खोटी असेल, सही खोटी असेल, पण फोटो कधी खोटं बोलत नाही, असंही वर ऐकवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मला काहीतरी चुकतंय हे दिसत होतं, पण काय चुकतंय ते बोटानं दाखवता येईना, म्हणून अंगाची नुसती आग आग झाली. निघताना छबुबाई पुटपुटली, की आपण फोटोत चपात्यांसारख्या दिसतोय.

ते मात्र खरं होतं. पुरुष खुर्चीत बसलेले दिसत होते, त्यांना पोट होतं, पाठ होती. आम्ही नुसत्या चिकटवल्यासारख्या होतो. पण हे कावून, याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

सिरसाळ्यात शफी फोटोवाल्याचं दुकान होतं. फोटो त्यानंच केला असणार हे उघड होतं. बाजारच्या दिवशी आम्ही दोघी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. शफी पोरगेला, भिडस्त. आम्हाला बघून तो काचा पुसायला लागला. शेवटी म्हणाला, चेअरमनसाहेबांनी जुना फोटो आणि नवा फोटो दिला, स्मरणिकेत छापायचा म्हणून एकत्र करून मागितला. त्यानं कापून जोडून दिला. दुकानाची जागा सुंदररावांच्या मेहुण्याची, त्यामुळं आता तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

आतून त्याची आई आली, रहेमतबी. तिनं सगळं ऐकलं होतं. पोराकडं असं बघितलं की त्यानं पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग ती आत जाऊन एक लाकडी डबा घेऊन आली. पुढं दोन भिंगं, मागं पुठ्ठा अडकवायला खाच. सैरबीन म्हणाली ती त्याला. तिच्या नवऱ्याची, मुनव्वरमियाँची. निजामाच्या काळात ते असे फोटो काढायचे. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो होते, मला तर दोन्ही एकच वाटले. लिंबाच्या झाडाखाली एक तरुण बाई बसली आहे आणि तिच्याजवळ शेळी, लांबवर डोंगर.

मी डबा डोळ्यांना लावला आणि दचकून मागं सरले. शेळीची शिंगं माझ्या अंगावर आली होती. बाई झाडापासून सुटून पुढं बसली होती, तिच्या मांडीवर हात ठेवता येईल इतकी जागा मधे होती. मी खरंच हात पुढं केला आणि तो दुकानातल्या हवेत फिरला. छबुबाईनं डबा हिसकावला आणि तिचीही तीच गत झाली.

"मीच हाय ती," रहेमतबी म्हणाली. "आता एक डोळा झाक."

झाकला. बाई, शेळी, झाड, सगळं जाऊन कागदाला चिकटलं. उघडला की पुन्हा सुटून उभं. रहेमतबीनं समजावलं ते असं. आपले दोन डोळे दोन जागी आहेत, म्हणून दोघांना थोडं थोडं वेगळं दिसतं, आणि त्या फरकावरून मन ओळखतं की काय जवळ, काय लांब. मुनव्वरमियाँ फळीवर कॅमेरा ठेवून एक फोटो काढायचे, मग दोन डोळ्यांत अंतर असतं तेवढा कॅमेरा बाजूला सरकवून दुसरा. तोवर समोरच्यानं हलायचं नाही. मी विचारलं की मागचा डोंगर मात्र पडद्यावर रंगवल्यासारखा सपाटच का दिसतो. ती म्हणाली, फार लांबचं दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून त्याला उठाव येत नाही.

मग मी मुद्द्याचं विचारलं. सोसायटीचा फोटो तर एका डोळ्याचाच, मग त्यात पुरुष तेवढे भरीव आणि आम्ही चपात्या, हे कसं?

रहेमतबीनं पोराकडं बोट केलं. शफी खाली बघत म्हणाला, "सावलीमुळं."

एका डोळ्याच्या फोटोत खोली येते ती सावलीनं. उजेड एका बाजूनं आला की दुसरी बाजू काळी होते, नाकाला उंची येते, माणूस भिंतीपासून सुटतो. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान, त्यानंही अंदाज येतो. शफीनं दोन वेळचे फोटो जोडले होते, उद्घाटनाचा सकाळचा आणि सभेचा दुपारनंतरचा. एवढं कळल्यावर मला त्या दुकानात थांबवेना. बाजार तसाच टाकून आम्ही परत आलो आणि सरळ हापिसात शिरलो.

आता सगळं दिसायला लागलं. पुरुषांच्या नाकाची सावली एका गालावर, आमची दुसऱ्या गालावर. एकाच भिंतीपुढं, एकाच वेळी, पुरुषांना एक सूर्य आणि बायकांना दुसरा. छबुबाई मागच्या ओळीत उभी, तरी तिचं डोकं पुढच्या सुंदररावांपेक्षा मोठं. आणि सगळ्यात भारी म्हणजे भिंत. टोकाला उभ्या पुरुषांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. आम्ही भिंतीला लागून उभ्या, आणि आमच्या मागं भिंत स्वच्छ पांढरी. एकीचीही सावली नाही.

मी बीडला सहकार खात्याच्या साहेबांकडं अर्ज धाडला, माझ्याच नावानं, सभासद म्हणून. ह्यांनी आधी नको म्हटलं. भावकीशी वाकडं कशाला, आपलेच दात आपलेच ओठ, असं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, दात आपले असले म्हणून ओठ फाटेस्तोवर गप बसायचं का. तरी अर्ज टाकायला सिरसाळ्यापर्यंत तेच गेले. आमच्या ह्यांचं असंच, तोंडानं नाही म्हणतात आणि पायानं हो म्हणतात.

साहेब यायच्या आधी मला आणखी एक गोष्ट करायची होती. खोटा फोटो खोटा म्हणून दाखवणं ठीक, पण आमचा खराही असायला हवा होता. सुंदरराव तालुक्याला गेले तो दिवस साधून मी गावातल्या सभासद बायकांना हापिसाच्या भिंतीपुढं दुपारनंतर गोळा केलं. मंजुळाबाईच्या सासऱ्यांनी बायका उनाड झाल्या म्हणून ओट्यावरून आरडाओरडा केला. मंजुळाबाई पदर खोचून आली ती आलीच. शफी फळी आणि कॅमेरा घेऊन आला, आणि पोराला मधेच अवसान गळेल म्हणून बरोबर रहेमतबी. तिनं आम्हाला ताकीद दिली की दोन्ही फोटो होईपर्यंत पापणीही हलवायची नाही. दगड फोडून आलेल्या बायका, अंग मोडून आलेलं. तरी एकही हलली नाही.

साहेब जीपमधून आले. सुंदररावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पंख्यानं वारा घालायला माणूस दिला. साहेबांनी कागद चाळले. ठरावाखालचे अंगठे पुसट आहेत, कुणाचे ते सांगता येत नाही, पण फोटो स्पष्ट आहे, असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. सुंदररावांनी लगेच मान डोलावली.

मी फोटो भिंतीवरून काढला आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला. नाकं दाखवली, गाल दाखवले, छबुबाईचं डोकं दाखवलं. छबुबाई मधेच म्हणाली की डोकं माझं मोठंच हाय, पर चेअरमनपेक्षा न्हाई. साहेब हसले आणि म्हणाले, सावल्या कधी पुसट येतात, त्यावरून काही ठरत नाही. मग मी बायकांना भिंतीपुढं उभं केलं. सभेचीच वेळ होती, ऊन तसंच तिरपं. प्रत्येकीची सावली भिंतीवर तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, चांगली ठसठशीत. साहेबांचं हसू कमी झालं. त्यांनी फोटो उचलून भिंतीशेजारी धरला आणि बराच वेळ इकडं एकदा, तिकडं एकदा बघितलं.

शेवटी मी रहेमतबीनं आणलेली सैरबीन पुढं केली, भिंतीपुढचा आमचा फोटो आत घालून. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि थोड्या वेळानं त्यांचा हात आपोआप पुढं गेला, माझा गेला होता तसाच.

"यातल्या बाया खऱ्या हायत, साहेब," मी म्हणाले. "त्यास्नी पाठ हाय, सावली हाय आणि त्या बोलत्यात. त्यास्नी इचारा, पाणी कुणाला द्यायचं."

साहेबांनी डबा खाली ठेवला. तोंडावर विचार दिसत होता, पण तोंडातून निघालं ते सरकारी. अहवाल वर पाठवतो, निर्णय होईपर्यंत जैसे थे. मी विचारलं, ज्या ठरावाला आम्ही नव्हतोच तो जैसे थे कसा? त्यांनी कागद गोळा केले. जीपमध्ये बसले आणि धुरळा उडवत गेले. जैसे थे म्हणजे पाणी उसाला, हे सगळ्यांना कळत होतं. सुंदररावांनी उपरणं झटकलं आणि इंजिनवाल्या सुग्रीवला हाक मारली, मळ्याचं पाणी चालू कर म्हणून.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यासमोर गोठ्यातली आमची कपिला आली, दावणीला बसलेली. तिला उठवायला आता दोन माणसं लागत होती. मी चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही, पण बांगड्यांचा आवाज येत होता. तलावात उतरून मी फाट्यावर गेले, जिथं पाइपाचं लोखंडी चाक आहे, आणि दोन्ही हातांनी ते धरलं. छबुबाई एका बाजूला आली, मंजुळाबाई दुसऱ्या, बाकीच्या मागं दाटीवाटीनं. इंजिन चालू करून सुग्रीव आला आणि थबकला. तो आमच्याच आळीतला, त्याचीही म्हैस हौदावरच प्यायची.

सुंदरराव बांधावरून उतरून आले. त्यांनी आवाज चढवला नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "केसर, बाजूला हो. चांगल्या घरची सून असं करती का?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. नात्यानं ते मोठे, तेवढा मान मी सोडला नाही.

"भावजी, त्या दिवशी मी तुमच्या मागं उभी होते म्हन्ता. आज पुढं उभी हाय. काढा कापून."

तेवढ्यात मला फळी ठेवल्याचा आवाज आला. आईबरोबर आलेला शफी तिकाटणं रोवून उभा होता, सुंदररावांच्या मेहुण्याच्या जागेत दुकान असलेला शफी. त्याच्या शेजारी रहेमतबी. तिनं तिथूनच आम्हाला सांगितलं, "हलू नका गं."

आम्ही तशाही हलणार नव्हतो.

सुंदररावांनी कॅमेरा बघितला. फोटो काय करू शकतो हे गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते एक पाऊल मागं सरले, मग आणखी, आणि पाठ फिरवून, आम्हाला वळसा घालून, पार आमच्या मागं तलावाच्या पलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. शफीनं पहिला फोटो काढला, कॅमेरा सरकवला, दुसरा काढला. मग सुग्रीव पुढं आला. त्यानं चाकावरचे माझे हात हळूच बाजूला केले आणि चाक हौदाच्या बाजूला फिरवलं. पाइपात हवा खडखडली आणि पाणी हौदात पडायला लागलं. आमचे हे कपिलाला कसंबसं उठवून तिकडंच घेऊन येत होते.

त्या चाकापाशी आम्ही पाळीपाळीनं बसलो, खडीवरून आलो की थेट तिथं. कुणाची माय व्यायली नव्हती ते चाक पुन्हा फिरवायला. साहेबांचा अहवाल पुढं केव्हातरी आला, त्यात ठराव रद्द असं लिहिलं होतं म्हणतात. मी काही तो बघायला गेले नाही.

रहेमतबीनं मरायच्या आधी सैरबीन मला दिली, चाकापाशी काढलेल्या फोटोच्या पुठ्ठ्यासकट. अजून नातवंडं मागतात तेव्हा काढते. चाक इतकं पुढं येतं की पोरं ते धरायला जातात. छबुबाईचा खांदा माझ्या खांद्यापुढं, मंजुळाबाईची बांगडी त्याहून पुढं, मागं एकीमागं एक बायका, मधे मधे वारा जाईल इतकी जागा. आणि पार मागं बांधावर एक माणूस दिसतो, कागदाला चिकटलेला. पोरं विचारतात, आजी, हा एकटाच असा सपाट कावून दिसतो. मी त्यांना सांगते, तो लांब जाऊन उभा राहिला म्हणून.